उघाडीवरचा जिताडा



दसरा झाला, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या, की आमच्या खारेपाटात दोन कामं एकदमच निघतात. एक कापणीचं आणि दुसरं गळाचं. पहिल्या कामाची महती तुम्हाला मी काय सांगावी! दुसरं काम मात्र घरच्या बाईमाणसांना कामच वाटत नाही. "कापणी तोंडावर आणि हे बसले खाडीवर," हे वाक्य मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलं, आता वहिनीच्या तोंडून ऐकतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण खाडीकाठी तास-दोन तास गप्प बसणाऱ्या माणसाच्या नजरेला जे पडतं, ते पुष्कळदा शेताच्याच उपयोगी असतं. आज तेच सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी खारेपाट म्हणजे काय ते सांगतो. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, उरण या बाजूला खाडीला लागून मोठा सखल मुलूख आहे. मोठ्या भरतीची पातळी या शेतांपेक्षा उंच असते. मग तिथं भात कसं पिकतं? तर वाडवडिलांनी चिखलाचे लांबच लांब बांध घालून खारं पाणी बाहेर अडवलं. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात जागोजाग दारं ठेवली. या दारांना आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीची फळी मोठी हुशारीची. ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याचा रेटा बसला की ती बाहेरच्या अंगाला उघडते. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने घट्ट मिटते. ना वीज, ना पंप, ना राखणदार.

या जमिनीची किंमत आमच्या माणसांनी चुकवलेली आहे. चरीचा शेतकऱ्यांचा संप तुम्ही ऐकला असेल. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी शेतं ओस ठेवली, हाल काढले, पण मागे हटले नाहीत. तो संप याच खारेपाटातला.

आता माशाकडे वळू. आमच्या खाडीचा राजा म्हणजे जिताडा. बंगालात याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, आणि इंग्रजी पुस्तकात एशियन सी-बास. अंग रुपेरी, तोंड मोठं, खालचा जबडा किंचित पुढे आलेला, शेपटी गोलसर. रात्री बॅटरीचा उजेड पडला तर डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. याला दात म्हणावेत असे दात नाहीत. जबड्याच्या आत कानशीसारखा खरखरीतपणा असतो. तो भक्ष्याच्या मागे फार पळत नाही. खांबाच्या, दगडाच्या, तिवराच्या मुळांच्या आड उभा राहतो आणि कोळंबी किंवा बोय जवळून गेली की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. "टप्प" असा आवाज होतो. तो आवाज एकदा कानात बसला की माणूस खाडीचा झाला म्हणून समजावं.

याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. जिताडा मोठा होतो तो नर म्हणून. तीन-चार वर्षांचा झाला की वयात येतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा झाल्यावर बहुतेक नरांच्या माद्या होतात. म्हणजे लहान जिताडा बहुधा नर आणि थोराड जिताडा बहुतेक मादीच. पावसाळ्याच्या सुमाराला ही मादी खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात लाखांनी अंडी सोडते. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, तिवरांत, खाजणात, ओढ्यानाल्यांत वाढतात, पार गोड्या पाण्यापर्यंत जातात. आमच्याकडचे शेतकरी पावसाळ्यात हीच पिल्लं धरून घराशेजारच्या तळ्यात सोडतात आणि पाहुणा किंवा जावई आला की तळ्यातून काढतात.

आता गळाला बसायचं केव्हा?

पाऊस परतला की पहिले दिवस उघाडीचे. कापणीसाठी खाचरातलं पाणी आपण सोडून देतो. ते नाल्याने उघाडीवर येतं आणि ओहोटीला बाहेर धावतं. त्याबरोबर बारीक मासे, कोळंबी, किडे असं सगळं वाहत येतं. बाहेर खळग्यात जिताडा तोंड वासून उभाच असतो. त्याला ताट वाढून दिल्यासारखंच ते. म्हणून आश्विनात ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास उघाडीच्या बाहेरच्या अंगाला बसावं. पाण्याच्या धारेत नव्हे, धारेच्या कडेला, जिथं पाणी गोल फिरतं तिथं गळ सोडावा.

दिवाळी उलटली, त्रिपुरी पौर्णिमा झाली की मामला बदलतो. खाचरं कोरडी पडलेली असतात, उघाडीचा ओघ थांबलेला असतो. पहाटे मतलई वारा सुटतो, अंगावर चादर ओढावी लागते, गवतावर दव पडतं. मासा थंड रक्ताचा. त्याच्या पोटाची भट्टी पाण्याच्या उष्णतेवर चालते. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते. जिताडा तर उबेचा लोभी. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या आसपास उतरलं तर तो तोंडाला कुलूपच लावतो. आमच्या खाडीचं पाणी सहसा इतकं गार होत नाही, पण काठाजवळचं उथळ पाणी रात्रीत चांगलंच निवतं. म्हणून थंडीत पहाटेचा गळ म्हणजे नुसती सर्दीची तयारी. दुपारी तीननंतर बसावं. दिवसभर उन्हाने तापलेला काळा चिखल आणि दगड त्या वेळी उबदार झालेले असतात. त्यांच्यावरून भरतीचं पाणी चढू लागलं की ते कोमट होतं, बारीक मासा त्या उबेला काठाशी येतो आणि त्याच्या मागे जिताडा. पुलाचे खांब, दगडांची रास, खाडीचं वळण, तिवराची कड, ही थंडीतली ठिकाणं.

म्हणजे दुपारी चढती भरती कोणत्या दिवशी आहे हे कळायला हवं. त्याला पंचांगाची एक नजर पुरे. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल त्या तासाच्या सुमाराला भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला. दिवसाचा तोच आकडा, रात्रीचाही जवळपास तोच. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा मुंबई-अलिबागकडचा ढोबळ हिशोब. खाडीत आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाण. तेव्हा पाणी गढूळ आणि ओढ जबर, गळ जागेवर ठरत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांग. तेव्हा पाणी मंद. षष्ठीपासून दशमीपर्यंत दुपारी पाणी चढतं असतं, ओढही बेताची असते. थंडीत मला हेच दिवस बरे वाटतात.

सामान फार लागत नाही. हल्ली पोरं चाकाच्या फायबरच्या काठ्या आणतात, त्यांना हरकत नाही. पण चांगला पिकलेला बांबू आणि जाड तंगूस यांवरही जिताडा निघतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. गळाच्या वर वीतभर पोलादी बारीक तार किंवा दुप्पट जाडीची तंगूस बांधावी. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. साधी तंगूस त्याला लागली की कापलीच म्हणून समजा. आमिष जिवंत हवं. कोळंबी असेल तर शेपटीकडून ओवावी, बोटभर बोय असेल तर पाठीच्या कण्याच्या वर, कणा वाचवून टोचावी. म्हणजे ती पोहत राहते. ओढ असेल तिथं थोडं शिसं, मंद पाण्यात बूच.

मासा लागला की हिसका देऊ नका. तो पाण्याबाहेर उसळी घेतो आणि डोकं झाडतो. त्या क्षणी दोरी सैल पडली तर गळ सुटतो, फार ताणली तर तुटते. दोरी ताठ, हात मऊ. काठाशी आल्यावर कल्ल्याला हात घालू नका, बोटं कापतात. अंगठा तोंडात घालून खालचा जबडा धरावा. तिथं खरखर लागते, पण जखम होत नाही. आणि जीव सांभाळा. खाजणातला चिखल कंबरेपर्यंत ओढतो. भरती मागून कधी वेढते ते गप्पांत कळत नाही. एकट्याने जाऊ नये, आणि परतीची वाट कोरडी आहे तोवरच उठावं.

इथवर गळाची गोष्ट झाली. आता मी म्हटलं त्या उपयोगाची सांगतो.

आमचं वडिलोपार्जित शेत खारबांधाच्या पोटाशी आहे. नोकरीपायी मी तालुक्या-तालुक्याला फिरलो. शेत थोरल्या भावाने, दादाने केलं. अडीच एकर खारी जमीन, एकच पीक. २०२१ साली दादाच्या मनाने जमीन विकायचं घेतलं होतं. एक दलाल दिवाळीपासून खेपा घालत होता. दादाची साठी उलटलेली, गुडघे धरलेले. पुतण्या आयटीआयला, त्याचं चित्त शेतात नाही असं दादाचं ठाम मत. मी धाकटा. हिस्सा माझाही, पण घाम त्याचा. मी हो म्हणेना आणि नाही म्हणायचं तोंडही मला नव्हतं. दलालाला दादाने दत्तजयंतीनंतर ये म्हणून सांगितलं होतं. बयाणा तेव्हा घ्यायचा.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार होता. पाऊणपटीच्या हिशोबाने पावणेसातला भरती, म्हणजे दुपारभर पाणी चढतं. आम्ही तिघं गळ घेऊन बांधावर गेलो. दादा आणि मी बाहेरच्या अंगाला खाडीकडे तोंड करून बसलो. पुतण्याला आमचं गप्प बसणं मानवेना. तो बांधाच्या आतल्या नाल्यात बूच टाकून बसला. पावसाचं थोडं पाणी तिथं साचून राहतं, आणि पावसाळ्यात शिरलेलं एखादं जिताड्याचं पोर सापडतं.

अर्ध्या तासाने तो म्हणाला, "काका, बूच जाग्यावर राहत नाही."

"वारा असेल."

"वारा खाडीकडून हाय का? मतलई तर दुपारी नसते. आनि बूच शेताकडे चाललंय."

मी उठून पाहिलं. वाऱ्याने पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती. तरी बूच हळूहळू, पण एकाच दिशेने, बांधापासून शेताकडे सरकत होतं. त्याने ते उचलून पुन्हा बांधाशी टाकलं; पुन्हा तेच. वाचकहो, नीट विचार करा. बांधाच्या आतलं पाणी भरतीला स्थिर असायला हवं. ते शेताकडे चाललं असेल तर बांधाकडून कुठून तरी येत असलं पाहिजे. दादाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "खारं हाय," एवढंच म्हणाला.

आधी उघाडी पाहिली. फळी घट्ट मिटलेली होती. मग तिघं बांधाच्या आतल्या पायथ्याने वाकून चालत निघालो. उघाडीपासून चाळीसएक पावलांवर गवताच्या झुबक्याखाली पाण्याचा बुडबुडा दिसला. मनगटाएवढं भोक आणि त्यातून झुळझुळ येणारं पाणी. चिंबोरीचं बीळ! चिंबोरी बाहेरून बीळ करते, उंदीर आतून करतो, दोन्ही कुठं तरी मिळतात आणि वाट पडते. पाणी पुरतं स्वच्छ असेल तर थोडा धीर धरावा; पण ते गढूळ येऊ लागलं की बांधाची माती आतून वाहून चालली आहे असं समजावं. हे पाणी गढूळ होतं.

आता यात एवढं भिण्यासारखं काय, असं घाटावरचा वाचक विचारील. त्या दिवशी भांग होता, पाण्याचा दाब थोडा. पौर्णिमा सहा दिवसांवर. दत्तजयंतीचं उधाण त्या भोकावर येऊन बसलं असतं तर मनगटाची मांडी झाली असती आणि मांडीची खांड. खांड म्हणजे फुटलेला बांध. एकदा खांड पडली की प्रत्येक भरती ती रुंद करते. आमच्या पलीकडच्या अंगाला असंच एक खार फार वर्षांपूर्वी फुटलं. वेळेवर बांधलं गेलं नाही. आज तिथं पुरुषभर तिवर उभं आहे. कागदावर ते अजून शेत आहे, आणि त्या शेताचे मालक मजुरीला जातात.

त्यातून हंगामही वाईट. पावसाळ्यात खारं पाणी शिरलं तर आमचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मीठ धुऊन तरी काढतो. मार्गशीर्षात शिरलेलं मीठ ज्येष्ठापर्यंत तिथंच राहतं. पाणी उन्हाने उडतं, मीठ मागे राहतं. खालचा क्षारही ओलीबरोबर वर चढतो आणि मार्च-एप्रिलात जमिनीवर पांढरी बुरशी यावी तसा थर येतो. अशा जमिनीत टाकलेला राब जळतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती खार सोसतात, हे मी गावोगाव सांगत आलो आहे. पण सोसण्यालाही हद्द असते. उघड्या खांडीपुढे कोणतंच बियाणं टिकत नाही.

दादा काही बोलला नाही. काठी गुंडाळली आणि गावात गेला. आमच्याकडे जोळ नावाची जुनी चाल आहे. बांधाचं काम निघालं की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन हजर. सरकारी कायदे झाले, १९४८ चा झाला, १९७९ चा झाला, आणि मोठी बांधबंदिस्ती सरकारकडून होऊ लागली. त्यामुळे ही चाल पुष्कळ गावांत मागे पडली आहे. अर्ज करायचा आणि वाट बघायची, ही नवी रीत. अर्ज जरूर करावा. पण चिंबोरी आणि उधाण अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत. त्या रात्री दादा आणि पुतण्या दारोदार गेले. आमच्या गावात जोळ निघून सात-आठ वर्षं झाली होती. किती जण येतील याचा दादाला भरवसा नव्हता. "दहा आले तरी पुष्कळ," असं तो मला म्हणाला.

दशमीला दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. मी रजा टाकली. अकरा वाजता बांधावर एकेचाळीस माणसं होती, त्यात नऊ बायका. ज्यांची जमीन त्या बांधाला लागूनही नाही, अशा घरची माणसं आली होती.

दुरुस्ती कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी भोक आतल्या बाजूने बुजवलेलं मी पाहिलं आहे. पाणी बाहेरून येतं. आतलं तोंड बंद केलं तर ते बांधाच्या पोटात तुंबतं आणि बांध फुगून फुटतो. म्हणून आधी बाहेरचं तोंड शोधावं. आम्ही ओहोटीला बाहेरच्या उतारावर ते शोधलं, दोन होती. मग बिळाच्या वाटेने बांधात चर घेतला, पार घट्ट चिकणमाती लागेपर्यंत. नुसतं वरून चिखल कोंबून भागत नाही. बीळ पूर्ण उकरावं लागतं. मग बाहेरच्या अंगापासून सुरुवात करून चिखलाची ढेकळं आणि भाताचा पेंढा यांचे थरावर थर टाकले आणि प्रत्येक थर पायाने तुडवला. चिखल बांधाच्या पायथ्याचा घेतला नाही. पायथा पोखरला तर पुढच्या वर्षी बांध तिथंच बसतो. तिवराला हात न लावता, लांबच्या मोकळ्या चिखलातून घमेली हातोहात आणली. बांधाबाहेर तिवराची रांग असली की लाटेचा मार ती आपल्या अंगावर घेते. तिवर हा बांधाचा बिनपगारी राखणदार आहे, आणि जिताड्याच्या पोरांचं पाळणाघरही. शेवटी बाहेरून दगडांची पिचिंग केली. चार वाजता पाणी पायाला लागलं तेव्हा चर भरून बांधाच्या डोक्यापर्यंत आला होता.

वहिनी मार्गशीर्ष पाळते, महिनाभर घरात मासळी नाही. तरी तिने एकेचाळीस माणसांची भाकरी आणि वालाचं बिरडं रांधलं. मला म्हणाली, "भावजी, तुमचा गळ यंदा कामाला आला." वहिनीच्या तोंडून गळाबद्दल निघालेला हा पहिलाच बरा शब्द.

दत्तजयंतीला आम्ही तिघं रात्री बाराला कंदील घेऊन बांधावर उभे होतो. भरती डोक्यापासून हातभर खाली येऊन थांबली. पुतण्याने आतल्या नाल्यात बूच टाकलं आणि बॅटरी लावली. बूच जागच्या जागी उभं होतं. पंधरा मिनिटं आम्ही त्या बुचाकडे बघत होतो. आयुष्यात न हललेल्या बुचाचा इतका आनंद मला कधी झाला नाही.

दलाल ठरल्याप्रमाणे आला. दादाने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "या बांधाला एकेचाळीस माणसांचे पाय लागलेत. मी विकलं, घेणाऱ्याने बांध बघितला नाही, तर त्यांचीबी शेतं जातात. बांध एकट्याचा नसतो. ऱ्हाऊ दे." दलालाने आकडा थोडा वाढवून पाहिला. दादा उठून गोठ्यात गेला.

मी काही म्हणालो नाही. पण त्याचं बोलणं शास्त्राच्याही कसोटीला उतरतं. घाटावर एकाने विहीर नीट ठेवली नाही तर बहुधा त्याचंच नुकसान. खारात एकाने आपला बांध सोडला तर सगळ्या खाराचं नुकसान, कारण पाणी हद्दीचा दगड बघत नाही. विकणं-न विकणं ज्याचं त्याने ठरवावं. गरज कोणाला चुकलेली नाही. पण खारातली जमीन विकताना बांध कोण राखणार, हा प्रश्न आधी विचारावा.

पुढं काय झालं? अडीच एकरांपैकी नाल्याकडचा कोपरा तेवढा त्या वर्षी अशक्त राहिला. बाकी भात बरं आलं. त्या कोपऱ्यात मृगापासून पावसाचं पाणी भरून धरलं आणि ओहोटीला उघाडीतून सोडलं. असं तीन-चार वेळा केल्यावर मीठ उतरलं. तिथं रोपं नेहमीपेक्षा थोडी जून, चार आठवड्यांची, आणि एका चुडात एक-दोन जास्त लावली. खाऱ्या जागी कोवळं रोप तग धरत नाही.

पुतण्याने मग घराशेजारचं तळं हातात घेतलं. तळ्यात जिताडा पाळणाऱ्यांसाठी त्याच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, एकाच मापाची पिल्लं सोडा. जिताडा स्वतःच्या निम्म्या लांबीहून मोठं भावंडही गिळतो. शंभर सोडलेल्यांची चाळीस का झाली, असं मग विचारू नये. दुसरी, तळ्यात आधी चिलापी वाढू द्या, तीच त्याची शिदोरी. तिसरी, पौष-माघात पाणी गार असताना भूक कमी असते. बाहेरून खाद्य टाकत असाल तर हात आखडा, नाहीतर ते कुजून पाणी बिघडतं. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागले तर पाण्यात प्राणवायू कमी पडला असं समजा आणि ताजं पाणी सोडा. चौथी, खाडीतून पिल्लं ओरबाडू नका. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून उबवणी केंद्राचं बीज मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरीत चौकशी करा. एका मापाचं बीज तिथूनच मिळतं.

आणि गळाला लागलेलं वीतभर पोर पाण्यात परत सोडा. जबड्यातून गळ हलक्या हाताने काढला तर ते जगतं. थोराड मादीचं काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. घरात अडचण असेल तर तुम्हाला उपदेश करणारा मी कोण? पण अडचण नसेल तर पावसाच्या तोंडाशी सापडलेली मोठी मादी सोडून द्यावी, एवढं मी नक्की म्हणेन. बियाण्याचं कणगं कोणी फोडून खात नाही.

येत्या थंडीत, मंडळी, दुपारची चढती भरती बघून एखाद्या दिवशी जरूर बसा. घरातल्या पोराला बरोबर न्या. मोबाइल घरी ठेवायला सांगा. जिताडा लागला तर उत्तमच. नाही लागला तर उठताना बांधाच्या आतल्या पायथ्याने चालत या. गवताखाली ओल दिसते का पाहा, उघाडीची फळी कुजली आहे का पाहा, नाल्यातलं पाणी बोटाने चाखून पाहा. आणि काही दिसलं तर त्याच रात्री शेजाऱ्याचं दार ठोठवा. दहा येतील असं वाटलं तरी ठोठवा.